तेरा वर्षांच्या मुलाला ‘द डे ऑफ द जॅकल’ दाखवावा का?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. मुलगा आठवीत आहे, वय १३, इतिहासाची पुस्तके स्वतःहून वाचतो. सुट्टीत बडोद्याला येणाऱ्या मामाने ‘द डे ऑफ द जॅकल’ हा १९७३ सालचा इंग्रजी चित्रपट त्याला दाखवण्याचे कबूल करून ठेवले आहे. घरात दहा वर्षांची धाकटी बहीण आहे, आजी आहेत, आणि टीव्ही एकच, तोही दिवाणखान्यात. मामांच्या मते काळजीचे काही कारण नाही. चित्रपटात रक्तपात फारसा नाही, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल मारले गेले नाहीत हे सर्वांना ठाऊकच आहे, आणि अमेरिकेत या चित्रपटाला मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहण्याजोगा असा दर्जा मिळालेला आहे. आपल्याला हे पटत नाही, पण नेमके काय खटकते ते सांगता येत नाही.

आधी उत्तर देते, मग कारणे. धाकटीला हा चित्रपट दाखवू नये. मुलाला तो आणखी दीड-दोन वर्षांनी, नववीच्या अखेरीस किंवा दहावीची परीक्षा झाल्यावर, कुणा मोठ्या माणसाने शेजारी बसून दाखवावा, आत्ता नको. मी शाळेत इतिहास शिकवला आहे आणि त्याच्या जोडीने बरीच वर्षे मुलांसाठी चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेत आले आहे. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की ऐतिहासिक राजकीय थरारपट मुलाला झेपेल का, हे ठरवताना तो पाहताना मुलाचा श्वास कुणासाठी रोखला जातो ते आधी पाहावे आणि पडद्यावर रक्त किती सांडते ते मागाहून मोजावे. मामांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रमाणपत्राचा मुद्दा लवकर आटोपतो. अमेरिकेत या चित्रपटाला ‘पीजी’ दर्जा मिळाला हे खरे, परंतु १९७३ साली तिथे ‘पीजी’ (पालकांच्या सल्ल्याने पाहावा) आणि ‘आर’ (मुलांनी मोठ्या माणसासोबतच पाहावा) यांच्यामध्ये एकही पायरी नव्हती. ‘पीजी-१३’ हा मधला दर्जा १९८४ साली सुरू झाला. त्यामुळे ज्याला आज आपण सरळ थोराड मुलांचा चित्रपट म्हणू, असे पुष्कळ काही त्या काळच्या ‘पीजी’मध्ये खपून जात असे. आपल्याकडेही १२ वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा सरसकट ‘यूए’ शिक्का वर्षानुवर्षे चालला, आणि २०२३ चा सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायदा व त्यापाठोपाठ २०२४ चे नियम आल्यावर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ओटीटीवर दिसणारा वयाचा आकडा मात्र सेन्सॉर बोर्डाने दिलेला नसतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ते वर्गीकरण कंपनीच करते, आणि १३+ व त्यावरच्या चित्रपटांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय तिला द्यावी लागते. आकड्याच्या शेजारी हिंसा, नग्नता, भाषा असे जे दोन-तीन शब्द येतात ते आकड्यापेक्षा अधिक कामाचे, कारण पडद्यावर काय येणार आहे हे तरी त्यांतून कळते. ते पाहून मुलाच्या मनात काय उमटेल हे सांगणे कुठल्याही मंडळाच्या आवाक्यातले नाही, आणि त्यासाठी मंडळाला बोल लावण्यातही अर्थ नाही.

चित्रपटात काय आहे ते सविस्तर सांगते, म्हणजे आपल्याला अंदाजावर राहावे लागणार नाही. सुरुवातीला द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार होतो, आणि त्या कटाच्या सूत्रधाराला पुढे गोळ्या घालून देहदंड दिला जातो. मग एक गुप्त संघटना भाडोत्री मारेकरी नेमते; ‘जॅकल’ हे त्याचे टोपणनाव. त्यानंतर बराच वेळ हिंसा म्हणावी अशी नाही, नुसती तयारी आहे. खोटी कागदपत्रे करून देणारा माणूस जास्त पैसे उकळू पाहतो तेव्हा जॅकल त्याला हातांनीच ठार करतो. एका उमराव घराण्यातल्या स्त्रीशी तो संबंध जोडतो, आणि पुढे ती अडचणीची ठरेल असे दिसताच तिचा जीव घेतो. पॅरिसच्या हमामखान्यात ओळख झालेला एक पुरुष त्याला आपल्या घरी आसरा देतो, त्याचीही तीच गत होते. संघटनेच्या सांगण्यावरून एक तरुणी एका बड्या अधिकाऱ्याला नादी लावून त्याच्याकडून बातम्या काढते, आणि ते उघडकीस आल्यावर तो अधिकारी आत्महत्या करतो. नग्नता ओझरती आहे. संघटनेच्या एका माणसाला फ्रेंच अधिकारी पळवून आणतात, त्याचा छळ करतात, आणि त्यात तो मरतो. रक्त खरोखरच कमी दिसते. मारण्याच्या क्षणी कॅमेरा बहुधा बाजूला सरकतो.

यातली आत्महत्या आणि त्या स्त्रीचा खून एवढ्यावरूनच दहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीतला निर्णय होऊन जातो. लहान मुलांच्या मनात बंदुकीची भीती फार दिवस टिकत नाही. गोड बोलणाऱ्या, जवळ घेणाऱ्या माणसानेच मारले, ही भीती टिकते, आणि रात्री झोपताना ती कुणाला सांगताही येत नाही.

मुलाच्या बाबतीत मला अडवणारी गोष्ट मात्र या यादीत नाही. मध्यावर एक प्रसंग येतो. खास बनवून घेतलेली रायफल पारखण्यासाठी जॅकल रानात जातो, एका झाडाला कलिंगड टांगतो, चालत लांब येतो, रायफलचे सुटे भाग शांतपणे एकात एक बसवतो आणि गोळी झाडतो. नेम थोडा हुकतो. तो दुर्बिणीवरचा स्क्रू किंचित फिरवतो, पुन्हा झाडतो, पुन्हा फिरवतो. मग खरी, स्फोटक गोळी भरतो आणि कलिंगडाच्या चिंधड्या उडतात. एवढाच प्रसंग. वर्गात तो दाखवताना दुसऱ्या गोळीच्या सुमारास हमखास कुणीतरी पुटपुटते, ‘अजून जरा डावीकडे.’ मी तिथे चित्रपट थांबवते आणि विचारते, ‘ते कलिंगड कुणाचे डोके आहे?’ पंधरा-सोळाची मुले क्षणभर गप्प होतात, मग ओशाळून हसतात, आणि आपण केव्हा त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसलो यावर आपापसांत बोलू लागतात. बारा-तेराच्या मुलांपैकी बरीचशी मात्र त्रासिक चेहऱ्याने माझ्याकडे पाहतात. त्यांना नेम बसलेला पाहायचा असतो आणि मी मध्येच कडमडलेली असते. ही मुले निर्दयी असतात असे मुळीच नाही. चित्रपट जे करू पाहतो ते त्यांच्यावर पुरेपूर झालेले असते, आणि आपल्यावर ते झाले आहे हे बाजूला होऊन पाहण्याचे वय अजून यायचे असते.

दिग्दर्शकाने हे जाणून-बुजून साधले आहे. पार्श्वसंगीत अगदी तुरळक ठेवले आहे, प्रसंग वार्तापटासारखे कोरडे टिपले आहेत, आणि जॅकलच्या हालचाली एखाद्या कसबी कारागिराच्या असाव्यात तशा नीटनेटक्या दाखवल्या आहेत. ज्याच्यापुढे अवघड काम आहे आणि ज्याला एकामागून एक अडचणी येतात, त्याचे काम तडीस जावे असे प्रेक्षकाला वाटू लागते. मग ते काम कोणते हे विसरायला वेळ लागत नाही. मामांचा शेवट ठाऊक असण्याचा मुद्दा इथे उलटा पडतो. द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले, तेव्हा १९६३ सालच्या या गोष्टीत त्यांचे काही वाईट होणार नाही हे आपण जाणून असतो. त्यांच्याविषयी काळजी उरत नाही, आणि मग उरलेली सगळी काळजी कुणाची? सीमेवरच्या तपासणीत जॅकल सापडेल का, त्याची गाडी ओळखली जाईल का, हीच. शेवट ठाऊक असल्याने मारेकऱ्याची बाजू घेणे उलट सोपे, निर्धोक होऊन जाते.

मराठी घरातल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपली मुले अफजलखानाच्या भेटीची आणि लाल महालावरच्या छाप्याची गोष्ट ऐकत वाढतात. प्रतापगडाच्या पायथ्याची ती भेट १० नोव्हेंबर १६५९ ची आणि शाहिस्तेखानावरचा छापा एप्रिल १६६३ चा. दोन्ही गोष्टी आपण तयारी करणाऱ्याच्या बाजूने सांगतो: अंगात चिलखत, हातात वाघनखे, मोजकी माणसे, रात्रीची वेळ, आणि समोरचा गाफील. त्यांत सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कुठेच संशय नसतो, कारण स्वराज्यावर चालून आलेल्याला आपला राजा तोंड देत असतो. या दोन गोष्टींची जॅकलच्या कामगिरीशी तुलना करणे मूर्खपणाचे ठरेल. परंतु गुपचूप तयारी करणाऱ्याच्या बाजूला बसून गोष्ट ऐकायची सवय मुलाला इथेच लागलेली असते, आणि थरारपट सुरू झाला की तो सवयीने त्याच जागी जाऊन बसतो. तिथे या वेळी पाच लाख डॉलर घेऊन काम करणारा, कुणाच्याही बाजूचा नसलेला माणूस आहे, हे ओळखायला ती सवय उपयोगी पडत नाही.

म्हणून आपला मुलगा तयार झाला आहे का हे अजमावण्यासाठी मी चित्रपटाआधी एक काम देते. लाल महालाच्या छाप्याची गोष्ट त्या रात्री पहाऱ्यावर असलेल्या खानाच्या शिपायाच्या तोंडून सांगायला सांगावी. त्या रात्री खानाचा मुलगाही मारला गेला होता, एवढे त्याला आठवून द्यावे. ज्या मुलाला यात गंमत वाटते, जो शिपायाची झोपमोड, गोंधळ, भीती रंगवून सांगतो आणि तरीही महाराजांविषयीचा त्याचा आदर तसूभरही कमी होत नाही, तो मुलगा दोन जागी बसायला शिकला आहे. जो चिडतो, ‘मी का त्याच्या बाजूने सांगू?’ म्हणतो, त्याच्यात काही खोट नाही. त्याला वर्ष-दीड वर्ष थांबू द्यावे. आपला मुलगा वाचणारा आहे, तेव्हा तो पहिल्या प्रकारात मोडेलही. तसे झाले तर माझ्या उत्तरातले ‘दीड-दोन वर्षे’ सहा-आठ महिन्यांवर आणायला माझी हरकत नाही.

आता इतिहासाकडे. चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत जे घडते ते बव्हंशी खरे आहे. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळच्या पती-क्लामार इथे द गॉल यांच्या सित्रोएन गाडीवर शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते व त्यांची पत्नी बचावले. कटाचा सूत्रधार बास्तिएँ-तिरी हा हवाई दलातला लेफ्टनंट कर्नल होता, आणि ११ मार्च १९६३ रोजी त्याला गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. त्यापुढची जॅकलची कहाणी मात्र, चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे तिच्या लेखकाने रचलेली आहे. खऱ्याला लागून खोटे इतक्या सफाईने जोडले आहे की वर्गातली मुले चित्रपट संपल्यावर मला विचारतात, ‘त्या मारेकऱ्याचे खरे नाव पुढे कधी कळले का?’ ऐतिहासिक थरारपटाचा हा नेहमीचा प्रकार आहे, आणि मुलांना त्याचा राग येण्यापेक्षा कौतुकच वाटते. शिवण कुठे आहे ते आधी सांगून टाकले तर ती शोधण्यात त्यांना निराळीच मजा येते.

शिवणीपेक्षा जे अजिबात दाखवलेलेच नाही ते अधिक महत्त्वाचे. द गॉल यांच्या जिवावर लोक का उठले होते? अल्जीरियामुळे. फ्रान्सने तिथे १८३० पासून राज्य केले, १ नोव्हेंबर १९५४ ला स्वातंत्र्ययुद्ध पेटले, आणि साडेसात वर्षांच्या लढाईनंतर मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ इथे करार होऊन ५ जुलै १९६२ रोजी अल्जीरिया स्वतंत्र झाला. ज्या सेनाधिकाऱ्यांनी आणि वसाहतवाल्यांनी द गॉल यांना १९५८ साली मोठ्या आशेने सत्तेवर आणले होते, त्यांना हा विश्वासघात वाटला. एप्रिल १९६१ मध्ये काही सेनापतींनी अल्जीअर्समध्ये बंड केले, आणि ओएएस ही गुप्त संघटना, चित्रपटात जॅकलला नेमते तीच, बाँबस्फोट व खून करू लागली. चित्रपटात या सगळ्याला काही वाक्यांपलीकडे जागा नाही, आणि ज्यांच्या देशावरून हे सारे घडले त्या अल्जीरियन माणसांना तर त्यात स्थानच नाही. १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमध्येच पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांना मारले, कित्येकांना सेन नदीत फेकले. त्या शहराच्या रस्त्यांवर हा चित्रपट हिंडतो आणि त्याविषयी अवाक्षर काढत नाही. एवढी पार्श्वभूमी आधी अर्ध्या तासात नकाशा पुढे ठेवून सांगता येते. ती न सांगता चित्रपट लावला तर मुलाच्या लेखी हा इतिहास म्हणजे एक उंच म्हातारा, एक देखणा मारेकरी आणि एक दमलेला पोलीस अधिकारी एवढाच राहतो.

छळाचा प्रसंग याच ठिकाणी नीट हाताळावा लागतो. तो फार लांब नाही, पण मुलांना अडचणीत टाकतो, कारण छळ करणारे सरकारच्या बाजूचे असतात. त्या कैद्याच्या कण्हण्याची ध्वनिफीत पुन्हापुन्हा ऐकून अधिकारी त्यातले शब्द जुळवतात आणि त्यातूनच जॅकलचा पहिला सुगावा लागतो. म्हणजे त्या छळाचा उपयोग झाला, असेच चित्रपट सांगतो. त्याहून बारीक एक प्रसंग पुढे आहे. तपास अधिकारी लेबेल मंत्र्यांच्या बैठकीत एका घरातले टेलिफोनवरचे बोलणे ऐकवतो, आणि कुणाच्या फोनवर कान ठेवायचा हे कसे ओळखलेत असे विचारल्यावर सांगतो की ओळखले नाही, म्हणून सगळ्यांच्याच फोनवर ठेवला. मोठी माणसे इथे हसतात. ‘हे त्याने बरोबर केले का?’ या प्रश्नावर नववीची मुले अर्धा तास भांडू शकतात. आठवीतली बहुतेक मुले ‘पण त्यामुळेच तर सापडला ना’ इथे थांबतात. राजकीय थरारपटातला ‘राजकीय’ भाग नेमका इथे असतो, आणि तो सोडून नुसता थरार पाहायचा असेल तर त्यासाठी यापेक्षा हलके चित्रपट पुष्कळ आहेत.

बडोद्यातल्या मुलांसाठी मी पूर्वतयारी म्हणून आपल्याच गावचे एक प्रकरण वापरते, आणि ते कुठल्याही थरारपटाला हार जाणार नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याच्या रेसिडेन्सीत इंग्रज सरकारचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले प्रतिनिधी, कर्नल फेर यांनी सकाळी पपनसाच्या सरबताचा घोट घेतला, त्यांना चव विचित्र लागली, उरलेले त्यांनी ओतून दिले, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडल्याचे सांगण्यात आले. संशय थेट मल्हारराव गायकवाड महाराजांवर आला. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन नेमले गेले, महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला, आणि निकाल फुटला तो बरोबर मधोमध: तिघा इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरले, तर ग्वाल्हेरचे शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, आणि कारण दिले ते विषाचे नव्हे, गैरकारभाराचे. पुढच्याच महिन्यात जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे सयाजीराव झाले, हे तर इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

हे प्रकरण सांगून झाले की मी मुलांना म्हणते, याचा चित्रपट काढायचा आहे, पहिले दृश्य कुठले ठेवाल? कुणी सरबताचा पेला म्हणते, कुणी रात्री हिरे कुटणारे हात म्हणते. ज्याने हात निवडले त्याने निकाल आधीच देऊन टाकला, हे मग त्यांचे त्यांनाच दिसते, कारण ते हात होते की नव्हते यावरच तर कमिशन दुभंगले होते. रेसिडेन्सी, राजवाडा, दत्तकविधान ही सारी ठिकाणे आणि घटना परिचयाच्या असल्यामुळे बारा-तेराच्या मुलांनाही इथे पुरावा आणि कथानक यांतले अंतर चटकन समजते; फ्रान्सच्या बाबतीत तेच समजायला दोन वर्षे अधिक लागतात. मामांना गोष्टी सांगण्याची हौस असेल तर या सुट्टीत त्यांनी ही सांगावी.

चित्रपटच दाखवायचा असेल, तर याच काळातले दोन चित्रपट तेराव्या वर्षी मी बिनदिक्कत सुचवते. अमेरिकेत दोहोंना ‘पीजी-१३’ दर्जा आहे, आणि तो १९८४ नंतरचा असल्याने त्याला काही अर्थ आहे. ‘थर्टीन डेज’ हा २००० सालचा चित्रपट ऑक्टोबर १९६२ मधल्या क्युबाच्या क्षेपणास्त्र संकटावर आहे. बंद खोल्यांत माणसे बोलत बसतात आणि तरीही मुले जागची हलत नाहीत, कारण इथे श्वास रोखला जातो तो कुणी कुणाला मारू नये यासाठी. त्यात केनेडींचे सहायक केनी ओडॉनेल यांची भूमिका प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ फुगवली आहे. इतिहासाची आवड असलेल्या मुलाला ती फुगवलेली जागा पुस्तकाशी ताडून शोधायला सांगावी. दुसरा २०१५ सालचा ‘ब्रिज ऑफ स्पाइज’. १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनजवळच्या ग्लिनिकं पुलावर रशियन हेर आणि अमेरिकी वैमानिक यांची अदलाबदल झाली, तिची ही कथा. भिंत ओलांडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जातात ते दृश्य दचकवणारे आहे, पण ते पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि मुलाला काय वाटावे यात संदिग्धता ठेवत नाही. दहा वर्षांच्या मुलीला मात्र हेही नकोत. ती यातल्या बोलण्याने कंटाळेल आणि नेमकी गोळीबाराच्या वेळी मान वर करील.

दीड वर्षाने जेव्हा आपण ‘जॅकल’ दाखवाल, तेव्हा आधी स्वतः पूर्ण पाहावा, मामांच्या आठवणीवर विसंबू नये. माणसाने वीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या चित्रपटातली चतुराई आठवणीत राहते आणि शय्यागृहातली दृश्ये पार पुसली जातात, असा सर्वांचाच अनुभव आहे. चित्रपट सुमारे २ तास २० मिनिटांचा आहे. तो दुपारी लावावा, आजी देवळात किंवा शेजारी गेलेल्या असताना लावावा. हे मी गंमतीने म्हणत नाही. आजी समोर असल्या की अशा दृश्यांना सगळे घर अवघडते, कुणीतरी घाईघाईने रिमोट उचलतो, आणि मुलाच्या लक्षात तेवढेच राहते. दृश्य पळवायचे असेल तर ‘इथले थोडे पुढे नेऊ’ असे आधी सांगून पळवावे. त्या स्त्रीचा खून मात्र पळवू नये. तोवर जॅकलविषयी मुलाला जे कौतुक वाटत आलेले असते, त्याला पहिला तडा तिथेच जातो. तो प्रसंग गाळलात तर मुलाकडे नुसते कौतुक उरेल. इंग्रजी संवाद जलद आणि निरनिराळ्या ढंगांचे आहेत, तेव्हा इंग्रजी माध्यमातल्या मुलासाठीही खाली अक्षरे चालू ठेवावीत.

श्वास कुणासाठी रोखला जातो ही कसोटी आपल्या जवळच्या इतिहासाला लावताना अधिक सावध राहावे लागते. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेवरचा एखादा थरारपट उद्या मुलाने पाहायला मागितला, तर तिथेही कॅमेरा मारेकऱ्यांसोबत प्रवास करीत असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे ती माणसे मराठी बोलत असतील. गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, आणि बडोद्यातल्या काही कुटुंबांत त्या आठवणी अजून हळू आवाजात सांगितल्या जातात. असा चित्रपट सोळा-सतराच्या आधी मी दाखवणार नाही, आणि घरातल्या मोठ्यांनी त्या विषयावर आपसांत काय बोलायचे हे आधी ठरवल्याशिवाय तर नाहीच. चित्रपट संपल्यावर काका एक आणि आजोबा दुसरेच सांगू लागले, तर मुलगा दोघांपैकी ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो.

राहता राहिली एक शक्यता, आणि ती नाकारता येत नाही: मुलाने हा चित्रपट मित्राकडे किंवा मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी आधीच पाहिलेला असेल. तसे कळले तर रागावू नये. त्याला गोष्ट सांगायला सांगावी आणि तो ती कुठून सुरू करतो हे ऐकावे. रायफलपासून सुरू केली, तर त्याने पाहिलेले तुकडे कोणते ते समजले. मग त्याच्यासोबत बसून लेबेलच्या मंत्र्यांबरोबरच्या बैठका तेवढ्या पुन्हा लावाव्यात, आणि तो अधिकारी कुणाकुणाचे फोन ऐकत होता हे त्याला मोजायला लावावे.